सुई उतरली तेव्हा

मी एक जुना बेंड आहे, मित्रांनो. सरळ पाइपांच्या घराण्यातला वाकडा भाऊ म्हणा. पूर्वेकडच्या एका दूरच्या बेटावर, मुसी नदीच्या काठी, रबराच्या मळ्यामागे, विहिरीतला गॅस शहराच्या वीजघराकडे वळवणं हे माझं काम होतं.

तेव्हा माझं पोलाद जाडजूड होतं. लाईनवर देखरेख करणारा जौहारी मला थाप मारून म्हणायचा, "हा आपला रेडा! याला काय होतंय?" दुपारी माझ्याच शेजारी बसून तो केळीच्या पानातला भात खायचा. मला त्याचा फार लळा होता.

वर्षं गेली, विहीर थकली. दाब उतरला, गॅसबरोबर वाळू येऊ लागली. शहराला मात्र गॅस पूर्वीइतकाच हवा होता. जौहारीची मुलगी झालेहा तिथेच इंजिनिअर होती. गॅस किती जातो, दाब किती, पाइप किती रुंद, असा हिशेब तिने मांडला आणि ती तडक मोठ्या साहेबांकडे, केमासांकडे गेली.

"पाक केमास, बेंडमधला वेग मर्यादेबाहेर गेलाय. विहिरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळा."

"ईद तोंडावर आलीय, शहरात अंधार करू? सणानंतर बघू."

जौहारीनेही लेकीचीच थट्टा केली. "अगं, दाबाची सुई खाली आलीय. लाईन विसावा घेतेय आणि तू घाबरतेस होय?"

"अबा, दाब उतरला की गॅस फुगतो. त्याच पाइपातून तेवढाच न्यायचा, तर तो पळणारच! वाळू बेंडला आतून खरवडतेय. तिथे बसू नका."

"बरं बाई, ईदनंतर नाही बसणार."

बाहेरून माझा पिवळा रंग झकास होता. आतली झीज फक्त मला कळत होती, आणि मला तोंड नव्हतं. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, भरदुपारी मी फुटलो. उपास होता, म्हणून जौहारीकडे जेवण नव्हतं. तो नुसताच माझ्या सावलीला टेकला होता.

ईदच्या सकाळी तिथली मुलं आईबापांपुढे गुडघे टेकून माफी मागतात. त्या वर्षी झालेहा बापाच्या कबरीच्या ओल्या मातीपुढे टेकली.

आता मी प्रशिक्षण केंद्राच्या अंगणात पडून असतो. झालेहा नव्या मुलांना माझ्या भोकाची कागदासारखी पातळ कड दाखवते. परवा एकीने बाईंना विचारलं, "बू, तेव्हा जवळ कुणी होतं?"

"होता एक कामगार," ती म्हणाली, आणि तिने सगळ्यांना वेगाचं गणित घातलं.

मित्रांनो, कुणी हिशेब मांडून "थांबा" म्हणालं, तर त्याच दिवशी थांबा. सण काय, पुढच्या वर्षी पुन्हा येतो.