काठोकाठ पियाली

उझबेकिस्तानातल्या आमच्या रिश्तानात पाहुण्याला चहा द्यायचा तो पियालीच्या तळाशी, घोटभर. म्हणजे त्याने पुनःपुन्हा मागावा. काठोकाठ पियाली पुढे केली की 'प्या आणि चालते व्हा' हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि आमच्या झेबोचं लग्न ठरवायला आलेल्या मामासोलींना, मुलाच्या वडिलांना, आमच्या ह्यांनी नेमकी तशीच पियाली दिली!

मामासोलींनी पियालीकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि उठले. सोयरीक पक्की झाली की मोडायची रोटी तशीच राहिली. झेबो आत जाऊन रडत बसली.

मी कडाडले, "चाळीस वर्षं चहा ओतताय ना हो? आजच हात सैल सुटला?"

ह्यांनी दोन्ही हात पुढे धरले. बोटं थरथरत होती.

"तीन महिने झाले. उजव्या हाताला मुंग्याही येतात गं. बाबांचं असंच सुरू झालं होतं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सासरे मातीच्या ताटांवर निळी नक्षी काढायचे. शेवटी त्यांना चमचा धरता येईना. हेही तेच काम करतात, आणि कुंचला सुटला तर हा माणूस करणार काय? तीन महिने हे एकटेच भीती पोटात घेऊन फिरले आणि मला पत्ता नाही. राग आला, त्याहून जास्त जीव तुटला.

दुसऱ्या दिवशी ह्यांना ओढतच गवहरकडे नेलं. गवहर माझ्या बहिणीची मुलगी, दवाखान्यात डॉक्टर आहे.

"काका, हात थरथरायला काय एकच कारण असतं?" ती म्हणाली. "थायरॉईड, दम्याचं औषध, जागरण, कडक चहा, नुसती धास्तीसुद्धा. हात मांडीवर ठेवल्यावर हलतो, की काही धरल्यावर?"

"धरल्यावर. बाबांचा मांडीवरही हलायचा."

"मुंग्या कुठे येतात?"

"करंगळीत आणि शेजारच्या बोटात."

"काम करताना कोपर कुठे टेकता?"

"फळीच्या कडेवर. दिवसभर."

"मग तिथली नस दिवसभर चेंगरत असणार! वजन?"

मी मध्येच तोंड घातलं. "पट्ट्याला दोन भोकं मीच पाडली. दोघांचा पुलाव एकटे खातात, तरी वाळताहेत. थंडीत गोधडी फेकतात. मला वाटलं, पोरगी जाणार म्हणून झुरताहेत."

"मावशी, हे आधी नाही का सांगायचं?"

रक्त तपासलं. थायरॉईड वाढलं होतं. "वडिलांचं दुखणं मला दिसत नाही. गोळ्या घ्या, थरथर हळूहळू कमी होईल," असं गवहरने सांगितल्यावर हे बाहेर येऊन बाकावर बसले आणि डोळे पुसू लागले. मीही पुसले.

घरी येऊन मी झेबोच्या लग्नासाठी आणलेल्या रेशमातला तुकडा कापला आणि ह्यांच्या कोपराखाली ठेवायला कापसाची उशी शिवली. मग गरम रोट्या फडक्यात बांधून सरळ मामासोलींचं घर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी नुसतं ऐकून घेतलं. इकडे हे माझ्यावर तडकले, "माझं दुखणं वेशीवर टांगलंस!"

तीन आठवड्यांनी, शुक्रवारी मामासोली आले. ह्यांनी चहाची किटली गुपचूप माझ्याकडे सरकवली.

"वहिनी, तुम्ही नको," मामासोली म्हणाले. "ह्यांच्या हातचा पाहिजे."

ह्यांनी ओतला. थरथर कमी होती, पण होती. चहा चढत चढत काठाला लागला, थोडा खाली अंथरलेल्या दस्तरखानाच्या कापडावर सांडला. हे लाजून चूर झाले. झेबो दाराआड श्वास रोखून उभी होती.

मामासोलींनी पियाली रिकामी केली आणि पुन्हा पुढे धरली.

"अजून. हवी तेवढी भरा, व्याही. मी काही उठत नाही."

रोटी अजून मोडायचीच होती, आणि ते 'व्याही' म्हणून मोकळे झाले होते.