डब्यातलं उष्टं

फुकट काही देणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. रत्नकाजी पहिल्यांदा स्टीलचे डबे घेऊन आमच्या चाबहिलच्या वृद्धाश्रमात आला, तेव्हा मी त्याला दारातच अडवलं होतं. लाजिंपाटच्या एवढ्या मोठ्या हॉटेलला आमच्या म्हाताऱ्यांचा अचानक पुळका का आला ते आधी सांग, म्हटलं, मग आत ये.

"पुळका नाही दिदी," तो म्हणाला, "पर्यावरण आहे."

हे ऐकून तर माझा संशय दुप्पट झाला. मग त्यानं बॅटरीच्या टेम्पोला टेकून सगळं समजावलं. हॉटेलनं म्हणे आता काही फेकायचंच नाही असं ठरवलंय. खोल्यांतल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या गेल्या आणि काचेच्या सुरया आल्या. टॉवेल रोज धुवायला टाकू नका अशा पाट्या न्हाणीघरात लागल्या. आंघोळीचं पाणी गाळून बागेला जातं. आणि नाश्त्याला मांडलेलं जे पाहुण्यांनी शिवलंसुद्धा नाही, ते आता आमच्याकडे येणार.

"आणि त्यांच्या ताटात उरलेलं?"

"ते तळघरात जातं. खत करायचं मशीन आणलंय."

"हे त्यात आणि ते यात होत नाही कशावरून?"

"मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच विचारते."

तो हसला. शाक्यांचा पोरगा, गोरा, गुबगुबीत, काहीही बोललं तरी हसणारा. अशी माणसं तर मला मुळीच आवडत नाहीत.

मी हुमकला रिमाल, इथली स्वयंपाकीण. बाहुनाची, म्हणजे ब्राह्मणाची, विधवा आहे, आणि उष्ट्याच्या बाबतीत माझं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे सगळ्या आश्रमाला माहीत आहे. नवऱ्याच्या ताटाखेरीज मी जन्मात कोणाचं उष्टं तोंडात घातलं नाही. मूल असतं तर त्याचं खाल्लं असतं, पण ते झालं नाही. आश्रमातले म्हातारे-म्हाताऱ्याही तसेच. पोटच्या पोरांनी बाहेर काढलं, अंगावरचं सोनं गेलं, घर गेलं, पण उष्टं खाणार नाही एवढा ताठा शिल्लक आहे. म्हणून भात आमच्याच चुलीवरचा, आमच्याच हातचा. हॉटेलची भाजी, दही आणि तळलेलं तेवढं चालवून घ्यायचं, असं चूडामणि बांनी ठरवून दिलं. चूडामणि बा पूर्वी पुजारी होते, अजूनही स्वतःला तेच समजतात.

खोटं कशाला बोलू, डबे आल्यापासून म्हाताऱ्यांचे चेहरे बदलले. आधी काय होतं, तर पाण्यासारखी डाळ आणि मुळ्याची भाजी. आता पनीर, मटार, कधी खीर. पवित्रा आमाच्या गालांवर मांस चढलं. पण मला रोज वाटायचं, यात काहीतरी काळंबेरं आहे. भाजीत अर्धा बटाटा दिसला की मी तो चमच्यानं उलटापालटा करून बघायची. सुरीनं कापलाय की दातानं तोडलाय? चूडामणि बांना सांगायची, बा, मोठ्या लोकांचं काही खरं नसतं, तळघरातलं इकडे येत नाही हे कोणी बघितलंय?

एकदा तर न सांगता हॉटेलात जाऊन धडकले. मागच्या दारानं. रत्नकाजीनं मला बघितलं आणि हातातला झारा तसाच धरून उभा राहिला.

"दिदी, तू? कशानं आलीस?"

"पायानं. दाखव तुझं पर्यावरण."

त्यानं दाखवलं. एका बाजूला ताटं खरवडणारी माणसं, त्यांचे हिरवे पिंप, त्यांची वेगळी वाट. दुसऱ्या बाजूला मांडणीवरची भांडी, झाकलेली, त्यांची वेगळी वाट. मधे काचेची भिंत. मला एकही चूक सापडली नाही आणि त्याचाच मला राग आला.

"पाहुण्यांनी वाढून घेताना डाव ताटाला लागला तर?" मी विचारलं.

"तसं दिसलं तर ते भांडं तळघरात. दिदी, माझ्या आईला वाढतोय असं समजून भरतो मी डबे."

"आई कुठंय तुझी?"

"वारली."

"मग ती कशाला सांगायला येतेय."

तेव्हाही तो हसला, पण नंतर फाटकापर्यंत सोडायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "दिदी, संशय घे, पण ओरडू नको. हॉटेलात सगळ्यांना हे आवडत नाही. खायला देऊन कोणाला काही झालं तर बदनामी, त्यापेक्षा सगळंच मशीनमधे घाला, असं म्हणणारे आहेत. एक तक्रार आली की आमच्या मॅनेजर प्रज्ञा मॅडम डबे बंद करतील. आणि मला काढतील."

म्हणजे हा मला आत्तापासून गप्प बसवतोय, असं मी मनात धरलं.

शनिवारी हॉटेलात नेपाळी नाश्ता असतो, म्हणून शनिवारी आम्हाला सेल येतात. तांदळाच्या पिठाच्या, तुपात तळलेल्या मोठ्या मोठ्या कड्या. म्हाताऱ्या आदल्या दिवसापासून वाट बघतात. त्या शनिवारी रत्नकाजी डबे ठेवून अंगणात चहा प्यायला बसला. मी भाजीचे, दह्याचे डबे उघडून नेहमीसारखी झडती घेतली. सेलचा डबाही उघडला, वरची उचलून खालची बघितली. सगळी धड होती. मग झाकण ठेवून मी म्हाताऱ्यांना पंगतीत बसवायला बाहेर गेले. एकेकाला धरून बसवायचं म्हणजे वेळ लागतो.

पंगतीत पहिला मान चूडामणि बांचा. मी त्यांच्यापुढे डबा धरून झाकण काढलं. सगळ्यात वर एक सेल होतं, आणि त्याचा लचका तोडलेला होता.

बांनी हात मागे घेतला. मग ते सेल पानाच्या तुकड्यात धरून उचललं आणि सगळ्या पंगतीला दाखवलं. पुढची ताटं आपोआप मागे सरकली. कोणीतरी थुंकायला उठलं.

"तरी ही हुमकला कधीची सांगत होती," बा म्हणाले. "गोऱ्यांच्या तोंडातलं आम्हाला घालतात. वर पुण्य लाटतात."

ही वाक्यं माझीच होती, मीच त्यांच्या कानात घातली होती. रत्नकाजी धावत आत आला. ते सेल बघून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. "दिदी, तू उघडून बघितलंस ना? तेव्हा होतं का?" तो मला विचारत होता. मला आठवत होतं, की नव्हतं. पण तेव्हाही माझ्या मनात पहिलं काय आलं, तर यानं खालून वर कसं आणलं? इतकी मी संशयात मुरलेली.

बांनी ऑफिसातून हॉटेलात फोन लावायला लावला. प्रज्ञा मॅडम लगेच निघते म्हणाल्या. मी रिकामं ताट ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तर दाराच्या मागे पवित्रा आमा उभी. भिंतीला चिकटून, पदर तोंडावर दाबून. पदराला तूप लागलेलं होतं.

"आमा, इथं काय करतेस?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले. "सासूआमा, मी नाही खाल्लं," ती म्हणाली. "आईशपथ, मी चुलीपाशी गेलेच नाही. मारू नका."

ऐंशीच्या पुढची बाई. गेले काही महिने ती मधेच हरवते, हे मला ठाऊक होतं. कधी मला मुलगी म्हणते, कधी शेजारीण. त्या दिवशी मी तिची सासू होते आणि ती लग्न होऊन नुकतीच आलेली सून, सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत उपाशी राहावं लागणारी. भूक लागली, कोणी नाही बघून एक घास तोडला, पाऊल वाजलं, परत डब्यात टाकलं. आमच्यात कुठल्या सुनेनं हे केलेलं नाही? मी स्वतः केलेलं आहे.

बाहेर जाऊन सांगायचं तर सोपं होतं. पण आश्रमाच्या सचिवांनी मागच्याच बैठकीत स्पष्ट सांगितलं होतं, ज्यांचं डोकं फिरलं त्यांना आपण ठेवत नाही, त्यांची सोय दुसरीकडे करावी लागेल. दुसरीकडे म्हणजे कुठं, ते मी पाहिलेलं आहे. इस्पितळाच्या ओसरीवर चटई. आणि नाही सांगायचं, तर रत्नकाजी घरी आणि सगळ्या पंगतीला परत मुळ्याची भाजी.

मी तिचं तोंड पुसलं, पदर बदलला आणि तिला पंगतीत तिच्या जागी बसवलं.

प्रज्ञा मॅडम आल्या. साधी सुती साडी, बोलणं मऊ. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी ते सेल बघितलं, रत्नकाजीकडे बघितलंही नाही. "तुमचा विश्वास राहिला नसेल तर आम्ही बळजबरी करणार नाही," त्या बांना म्हणाल्या. "उद्यापासून हे सगळं मशीनमधे जाईल. तेही वाया जात नाही, त्याचं खत होतं. आणि ह्याचं काय करायचं ते मी बघते."

रत्नकाजी मान खाली घालून उभा होता. पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

"ते मी खाल्लं," मी म्हणाले.

कोणाला कळलंच नाही. बा म्हणाले, "काय?"

"मी चावलं ते. आत असताना भूक लागली. तुम्ही हाक मारलीत, घाबरले, परत टाकलं. ह्या पोराचा काही संबंध नाही."

"तू?" बा माझ्याकडे टक लावून बघत राहिले. "शेजारच्याचा लोटा शिवला तर आंघोळ करणारी तू?"

त्यांचा विश्वास बसेना. मॅडमचाही बसेना. आणि रत्नकाजी तर माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागला, की ही बाई आता नवीन काय डाव टाकतेय. मी तरी काय करणार, नजर बरोबरच होती. मग मी बांच्या हातातलं पान ओढलं, ते सेल घेतलं आणि जिथं लचका तोडला होता तिथूनच खाल्लं. सगळ्यांच्या समोर. शिसारी येत होती, आणि मी मुकाट्यानं चावत राहिले. समोर पवित्रा आमा बसली होती, तिचं लक्ष फक्त सेलकडे होतं.

संपल्यावर मी म्हणाले, "आता पटलं?"

पटलं. मग जे व्हायचं ते झालं. तो डबा गाईला घातला. डबे चालू राहिले, रत्नकाजी राहिला. माझा हात मात्र विटाळला. बांनी सांगितलं, हिनं वाढायचं नाही, भात शिजवायचा नाही, भांडी घासायची. ज्या म्हाताऱ्यांना मी भरवलं, त्या आता मी जवळून गेले तरी ताटावर हात धरतात. रत्नकाजीनं एकदा अंगणात विचारलं, "दिदी, खरं सांग, कोणी खाल्लं होतं?" मी म्हटलं, मीच. तेव्हापासून तो डब्यांना कुलूप लावून आणतो आणि किल्ली बांच्या हातात देतो. बांनी ती जानव्याला बांधलीय.

पवित्रा आमाला यातलं काही आठवत नाही. दुपारी कोणी नसताना ती येते, कुलपं ओढून बघते. मी मोरीपाशी भांडी घासत असले की माझ्याकडे वळून तोंडातल्या तोंडात म्हणते, "म्हातारीनं कुलूप घातलं. सुनेला उपाशी मारील ही." इतक्या तिरस्कारानं बघते की मला रडू येतं.

म्हणून शनिवारी माझ्या वाटणीचं सेल मी खात नाही. चुलीमागच्या कोनाड्यात उघडंच ठेवते आणि बाहेर अंगणात जाऊन बसते. परत येताना लांबूनच मोठ्यानं खोकते, घास गिळायला तिला वेळ मिळावा म्हणून.