डाव्या कुशीचे तीनशे अकरा साक्षीदार

ताई प्राध्यापक झाली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. तिच्यासमोर आम्हीही तसंच समजून वागतो.

तर ताई अजून प्राध्यापक झालेली नाही. अकरा वर्षं ती सहयोगी प्राध्यापक आहे. मी तिचा धाकटा भाऊ, त्याच वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. कुणाच्या लेखाला किती सायटेशन्स मिळाली ते मोजून छापून देणं हे माझं काम. सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकाने आपल्या लेखाच्या शेवटी तुमच्या लेखाचं नाव घेणं. तो वाचलाच पाहिजे अशी अट नाही.

ताईचा लेख उचकीवर आहे. ऑपरेशननंतर काही रुग्णांना उचकी लागते ती थांबता थांबत नाही, आणि प्रत्येक उचकीला टाके ओढले जातात. अशा रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवलं तर उचकी थांबते का, हा प्रश्न. ताईने चौऱ्याऐंशी रुग्णांच्या उशाशी बसून उचक्या मोजल्या. त्या दिवसांत ती जेवताना आमचे घाससुद्धा मोजायची. उत्तर निघालं: नाही थांबत. उलट झोप मोडते.

प्राध्यापकपदाच्या निवड समितीच्या आदल्या दिवशी मी ताईची यादी काढली. तीनशे अकरा. कॉलेजात सगळ्यांत जास्त. कुणी आठवण काढली की उचकी लागते म्हणतात. इतक्या जणांनी आठवण काढूनही ताईला एक उचकी लागली नव्हती, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ती आली पानाच्या आकड्यावरून.

"ताई, तुझा लेख अंकात कितव्या पानावर आहे?"

"चौऱ्याहत्तर."

"तीनशे सहा जण सत्तेचाळीस म्हणतायत."

आम्ही अंक काढला. सत्तेचाळीसवर बँडेजची जाहिरात होती. पहिल्याने आकडा उलटा लिहिला आणि बाकी तीनशे पाच जणांनी लेख न उघडता त्याच्यावरून उतरवून घेतला. शाळेत कॉपी करताना आम्ही निदान एखादं उत्तर मुद्दाम चुकवायचो.

ताईने त्या पहिल्याचा लेख उघडला. 'डाव्या कुशीमुळे उचकी थांबते हे सिद्ध झाले आहे,' आणि पुढे तिचं नाव.

"अरे, मी नाही म्हटलंय!"

"तू एकदाच म्हणालीस. ते तीनशे सहा वेळा हो म्हणालेत."

"ठोंब्या, गप्प बस," म्हणत ती उठली ती थेट वॉर्डात. मी मागोमाग.

नऊ नंबरच्या खाटेवर एक निवृत्त ट्रकचालक डाव्या कुशीवर होते. टाकेही डावीकडेच. हलू नयेत म्हणून पाठीशी दोन उशा. दर अर्ध्या मिनिटाला उचकी, आणि उचकीला जोडून "आई गं".

"यांना असं कुणी झोपवलं?"

सिस्टरने भिंतीकडे बोट केलं. काचेच्या फ्रेममध्ये नियम, 'उचकीच्या रुग्णास डाव्या कुशीवर झोपवावे', खाली आधार म्हणून ताईचं नाव.

"नियम चुकीचा आहे. वळवा यांना."

"मॅडम, नियम तुमचाच आहे."

"मग मीच सांगतेय ना!"

"तोंडी सांगताय. हे छापील आहे. तुम्हाला तुमच्याविरुद्ध जायचं असेल तर वरून पत्र आणा."

"ही भिंतीवरची बाई कोण?" काकांनी दोन उचक्यांच्या फटीत विचारलं. "एकदा भेटवा मला."

"मीच ती, काका."

काकांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग या, तुम्हीच झोपा इथं."

ताईने उशा स्वतः काढल्या. उजव्या कुशीवर उचकी चालूच राहिली, कारण लेख खरा होता. "आई गं" मात्र थांबलं. संध्याकाळच्या पाळीने काकांना परत डावीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी समितीने काही विचारायच्या आत ताईने सांगून टाकलं, "यातल्या तीनशे सहा जणांनी माझा लेख वाचलेला नाही. ते धरू नका."

अध्यक्षांनी यादीवरून बोट फिरवलं. "पण आकडा खरा आहे ना?"

"आकडा खरा आहे. अर्थ उलटा आहे."

"अर्थाला रकाना नाही हो, बाई."

शेजारच्या सदस्याने 'नम्रता' या रकान्यात 'उत्तम' लिहिलं. मग जे तुम्ही वाचलेलं नाही ते घडलं.

ताईने मासिकाला दुरुस्ती पाठवली. ती छापून आली. त्या दुरुस्तीला आजवर चौदा सायटेशन्स मिळाली आहेत, चौदाही डाव्या कुशीच्या बाजूने.

तीनशे अकरातली उरलेली पाच मी समितीच्याच संध्याकाळी तपासली होती. चार ताईची स्वतःचीच. पाचवं एका लहानशा दवाखान्यातल्या डॉक्टरचं: 'आम्हीही मोजल्या. नाही थांबत.' ताईने ती ओळ कापून टेबलाच्या काचेखाली ठेवली आणि मला टाइप करायला बसवलं.

'मा. अधिष्ठाता यांस,

विषय: सायटेशन्स कमी करून मिळणेबाबत.

महोदय, माझ्या नावावरील तीनशे अकरापैकी तीनशे दहा सायटेशन्स वजा करून शिल्लक एक कायम ठेवावे, त्यानुसार माझी बढती रद्द करावी, आणि खाट क्रमांक नऊवरील रुग्णास त्याला हव्या त्या कुशीवर झोपू द्यावे, ही नम्र विनंती.'