समाधानकारक सोरायसिस

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात एकतीस वर्षे रायभानांनी वहीत रोज एकच शेरा लिहिला होता : स्थिती समाधानकारक. पंप धूर ओकत असला, तरी शेरा बदलला नाही. बिघाड आधी दुरुस्त करायचा, वही नंतर उघडायची, ही त्यांची रीत. निवृत्तीनंतर अंगावर सोरायसिस पसरला, तोही त्यांनी याच शेऱ्याखाली झाकला; कोणी विचारले तर 'बरं हाय' एवढेच सांगत.

आता मात्र घाई होती. तीन महिन्यांवर मुलीचे, रेणुकाचे लग्न आले होते आणि व्याहीभेटीला साऱ्या मांडवासमोर व्याह्यांना मिठी मारायची होती. त्यांच्या नव्या कोटावर आपल्या खपल्या पडल्याचे चित्र रायभानांना रोज दिसे. जाफराबादच्या शिबिरात नवी गोळी फुकट मिळणार होती, अट एकच. गेल्या आठवड्यात आजाराने जगणे किती अडवले, याचे दहा प्रश्न. उत्तर 'अजिबात नाही', 'थोडी', 'बरीच' की 'फारच', त्याप्रमाणे प्रत्येकी शून्य ते तीन गुण. बेरीज दहाच्या वर हवी. अट त्यांना पाठ होती. तरी सरकारी कागद समोर आला आणि जीभ जुन्या वळणावर गेली.

"खाज येते?" आकांक्षा नावाच्या परिचारिकेने विचारले.

"थोडी." एक गुण.

"कपडे निवडताना अडचण?"

"अजिबात न्हाई."

बाजारहाट? न्हाई. मलम लावण्यात वेळ जातो? थोडा. नऊ प्रश्न संपले, बेरीज दोन.

"दोन?" शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी आसराबाई उसळल्या. "अहो, दुखणं सांगून राह्यले का सोयरीक जमवून राह्यले? थोडी खाज म्हणं! वसरीच्या खांबाला पाठ घासून घासून त्याचा रंग गेला. ताई, तीन लिव्हा."

"काका, खरं का?"

"रंग हलकाच होता," रायभान म्हणाले. एकाचे तीन झाले.

"आन् कपडे? ह्या उन्हात फुल बाह्यांचा सदरा, वरून मफलर!"

"ती शिस्त हाय."

"मंग घरात एकटे असल्यावर कुठं जाती शिस्त?"

आणखी तीन. बाजाराला आठवडाभर आसराबाईच गेल्या होत्या. रायभान दारातूनच थैली देत. आणखी तीन.

"दहा," रायभानांनी बेरीज तपासून सांगितले.

"अकरा तरी लागतात," आकांक्षा म्हणाली. "एकच प्रश्न राहिला. नवरा-बायकोच्या जवळिकीत या आजाराने अडचण येते का?"

सकाळपासून बोलत असलेल्या आसराबाई एकाएकी भिंतीवरचे कॅलेंडर वाचू लागल्या. मागच्या रांगेतला खोकला थांबला. 'अजिबात न्हाई' रायभानांच्या ओठांवर आले होते. बायकोकडे पाहून त्यांनी ते गिळले.

"म्या दोन वर्षांपासून भायेर वसरीत झोपतो," ते म्हणाले. "चादरीवर पडतं सगळं. हिनं कधी जा म्हटलं न्हाई. म्याच उठून गेल्तो." मग हळूच, "बरीच लिव्हा."

"बरीच कशाला?" कॅलेंडराच्या दिशेने आवाज आला. "फारच लिव्हा, ताई!"

रांग खदखदून हसली. आसराबाईंचा पदर तोंडावर गेला.

"काका, उत्तर तुमचंच लागतं. दोन की तीन?"

रायभानांनी पेन मागून घेतले, तीनचा आकडा स्वतः काढला आणि खाली ठसठशीत सही केली.

"तेरा," ते म्हणाले. "बेरीज बराबर हाय."