आक्का जेवत नाही

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मावशी एकवीस वर्षं ताटं लावत होती, पण तिचा खरा जीव परत आलेल्या ताटांत. वॉर्डात फिरून गाडी खाली आली की सगळ्यांच्या आधी हीच पुढे. नऊ नंबरने सूप संपवलं, म्हणजे आजोबा रविवारपर्यंत घरी जाणार. चौदा नंबरने पावाची कड तेवढी कुरतडलीय, लक्ष ठेवायला हवं. आणि झाकणसुद्धा न उघडलेलं ताट लागोपाठ तीन दिवस खाली आलं, की चौथ्या दिवशी त्या खाटेचा नंबर यादीतून गळलेला असायचा. डॉक्टर काही का म्हणेनात, मावशीचा अंदाज सहसा चुकत नसे. तिच्या धाकट्या बहिणीचं ताटही असंच तीनदा खाली आलं होतं. बहीण गेली आणि तिची सहा वर्षांची मुलगी मावशीच्या घरी आली.

मुलगी अगदीच वाळकी, म्हणून तिला नाव पडलं काडी. मावशीने लग्नबिग्न काही केलं नव्हतं, त्यामुळे होती नव्हती ती सगळी माया त्या एका तोंडात घास होऊन जायला लागली. शाळेत निघताना घास, अभ्यासाला बसली की घास, ताप आला तर आणखी चार घास. पोरीने नको म्हटलं की मावशीच्या पोटात गोळा यायचा, आणि पोरीने गिळल्याशिवाय तो काही विरघळायचा नाही. एकोणिसाव्या वर्षी काडीने बॅग भरली. दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, तुझ्या घरात मला नको म्हणायलासुद्धा तोंड रिकामं मिळत नाही." मावशीच्या ते जिव्हारी लागलं. तरीही जिना उतरणाऱ्या पोरीला गाठून तिने बॅगेत चार उकडलेली अंडी कोंबलीच, यावरून काय ते समजा.

पाच वर्षं काडी येत राहिली ती पाहुण्यासारखी. पंधरा मिनिटं बसायची, पाणी प्यायची आणि घड्याळ बघायची. म्हणून यंदा ती भलीमोठी पेटी छातीशी धरून आली आणि चपला काढून नीट आत बसली, तेव्हा मावशीला काय करावं नि काय नको असं झालं.

"ही आक्का," काडीने पेटीवरचं फडकं काढलं.

आत ओल्या काथ्याच्या भुशावर तळहाताएवढा केसाळ कोळी बसला होता. टॅरंटुला म्हणतात तो. मावशी सरळ भिंतीला जाऊन टेकली.

"चावत नाही गं. नुसती एका कोपऱ्यात बसून सगळ्यांवर हुकूम चालवते, म्हणून आक्का." काडी हसली. तिला असं हसताना पाहून किती दिवस झाले, हे मावशी मनातल्या मनात मोजत राहिली. पेटी लांबरुंद पण बुटकी होती. उंच पेटी चालत नाही, काडी सांगत होती, आक्का काचेवर चढते, आणि वरून पडली तर पोट फुटतं. पोटाला टाचणीएवढं भोक पडलं तरी निळसर रक्त वाहून ती संपली. आत सालीचा एक अर्धगोल तुकडा आडोशाला, एक पाण्याची वाटी, बाजूला हवेची भोकं, झाकणाला दोन चाप.

"आणि हे नीट ऐक. ती कात टाकायच्या बेतात आहे. पोटावरचं टक्कल बघ, काळंशार झालंय. आता ती काही खाणार नाही. महिनाभरसुद्धा नाही खाणार. वाटीत पाणी ठेव. बाकी आत काही टाकायचं नाही. काहीही."

"महिनाभर? उपाशी?"

"मावशी."

"बरं बाई, नाही टाकत."

काडी पवनचक्क्या बसवणाऱ्या कंपनीत होती. सोळा दिवस तिला एका टेकडीवर कामाला जायचं होतं, आणि तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने कोळ्यापुढे हात टेकले होते. निघताना ती दारात थबकली. "माझी खोली सुटतेय पुढच्या महिन्यात. मागची खोली अजून रिकामीच आहे ना तुझ्याकडे? आक्का इथे नीट राहिली, तर मी पण राहीन म्हणते."

मावशीने मान डोलावली. त्याच दुपारी तिने मागची खोली घासूनपुसून लख्ख केली.

पहिले चार दिवस ती पेटीपासून दोन हात लांब होती. पाचव्या दिवशी तिने स्टूल जवळ ओढलं. कामावरून आली की बसायची आणि बोलायची. "काय आक्का, आज काय म्हणतंय अंग?" आक्का हलायची नाही. वाटीतलं पाणी होतं तेवढंच. काळं टक्कल आणखी काळं दिसत होतं आणि पाय अंगाखाली ओढून घेतल्यासारखे. मावशीला हे लक्षण ओळखीचं वाटलं. सहाव्या दिवशी आक्काने सालीसमोरच्या भुशावर पांढरं जाळं विणून पसरलं, अगदी चादर घातल्यासारखं. इस्पितळात पांढरी चादर वरपर्यंत कधी ओढतात, हे मावशीला कोणी सांगायला नको होतं.

एक ताट, दोन ताटं, तीन ताटं. तिच्याच्याने राहवेना.

प्राण्यांच्या दुकानातला माणूस मोठा बोलघेवडा होता. "कोळ्याला? मग रातकिडे न्या, काकू. मोठे देऊ का?" त्याने हवेची भोकं पाडलेला डबा पुढे केला. "दोन टाका. संध्याकाळपर्यंत नाही खाल्ले तर काढून घ्या." का काढायचे, हे तो बोलला नाही, आणि हिने विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. काडीला थोडंच कळणार आहे, मावशीने स्वतःची समजूत घातली. पोरीला काय, तिला जन्मात कधी भूक कळली नाही.

दोन रातकिडे आत पडले आणि लगेच सालीखाली पळाले. आक्काने एक पाय उचलला, पुन्हा ठेवला. दुसऱ्या दिवशीही ती तशीच. दोन घासांत काय होणार, मावशी पुटपुटली, भूक मेलीय तिची, चाळवायला हवी. डब्यातले उरलेले पाचही तिने उपडे केले. मग बोटं पुसून ती कामावर गेली, आणि कितीतरी दिवसांनी तिला हलकं हलकं वाटत होतं.

नवव्या दिवशी तिची सुट्टी होती. सकाळी चहाचा कप घेऊन ती स्टुलावर बसली आणि कप तिच्या हातातच राहिला. आक्का त्या पांढऱ्या चादरीवर उताणी पडली होती. आठही पाय वर, वाकलेले, निश्चल.

मावशीने कप खाली ठेवला. मग तिने पाहिलं, की त्या चादरीच्या कडेला तीन रातकिडे तोंडं आत करून ओळीने बसलेत आणि त्यांच्या मिशा हलताहेत.

डब्यावर दुकानाचा नंबर होता. "मेली नाही हो, काकू," तिकडून तो म्हणाला, "कात टाकतेय. उताणंच पडतात. तासाभराने जुन्या कातडीतून बाहेर येईल. आतून अगदी लोण्यासारखी मऊ असते, हलताही येत नाही तिला." आणि मग त्याचा आवाज बदलला. "रातकिडे काढलेत ना तुम्ही? काकू? उपाशी रातकिडा काही सोडत नाही. आधी काढा. फोन ठेवा आणि काढा."

लांब चिमटा घेऊन ती बसली. झाकण काढलं, श्वास रोखला. कडेचे तिघे पहिल्या झटक्यात आले. चौथा वाटीत बुडून मेलेला सापडला. पाचवा भुशातून उकरून काढावा लागला, सहाव्याने तिला पेटीभर नाचवलं. एवढा वेळ आक्काची कातडी छातीपाशी कडेकडेने उकलत होती आणि आत काहीतरी ओलं, फिकं, नवीन हलत होतं. सातवा दिसेना. साल उचलावी, तर आक्काची चादर सालीलाच विणलेली. उचलली तर चादर ओढली जाणार, आणि चादरीबरोबर आक्का. मावशी चिमटा उगारून बसून राहिली. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. काडी. तिने तो स्पीकरवर टाकून शेजारी ठेवला.

"कशी आहे गं आक्का?" मागे वाऱ्याचा घोंघाट होता.

"बरी आहे. कात टाकतेय."

"आत्ता? अगं मग मस्तच! काही खाल्लं नाही ना तिने?"

"नाही," मावशी म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं. "काही खाल्लं नाही."

"मावशी, मला वाटलं होतं, तुला जमणार नाही. खरंच वाटलं होतं. मी इथून आले की दोन दिवसांत सामान आणते. आणि ऐक, तेव्हा मी बरंच काही बोलले होते..."

सालीच्या काळोखातून किर्रर्र आवाज आला. एकदा. मग पुन्हा, लांबलचक.

काडी बोलायची थांबली. दोन वर्षं तिच्या उशाशी रातकिड्यांचा डबा होता. तो आवाज काय आहे हे तिला विचारावं लागलं नाही.

"किती टाकलेस?"

"सात. सहा काढले गं मी. एवढा एकच—"

"कुठे आहे?"

तो बाहेर आला होता. आक्काच्या पोटावर चढून, डोकं खाली घालून, सावकाश, मन लावून त्याचं चाललं होतं. लग्नघरी पहिल्या पंगतीला बसल्यासारखा. चिमट्याचं टोक लागेल म्हणून मावशीने चिमटा फेकला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पेटीत हात घातला. दोन बोटांत धरून तिने त्याला अलगद उचललं आणि मुठीत आवळलं.

"काढला," ती म्हणाली. "काढला बघ."

"तिच्या पोटाकडे बघ. काही येतंय का?"

मावशीने चष्मा सारखा केला. त्या फिक्या, ओल्या कातडीवर निळसर पाण्याचा एक थेंब होता. तो ओघळला आणि त्याच्या जागी दुसरा आला.

"थेंब आहे," ती म्हणाली. तिला खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही. "निळा. थांबत नाहीये गं."

तिकडे नुसता वारा. कोणीतरी लांबून काडीला हाक मारली, तिने ओ दिली नाही. मावशी ऐकत राहिली. क्षमा माग, असं तिला कळत होतं. चूक झाली म्हण, काहीतरी म्हण. मूठ वळवळत होती. पोर एवढ्या लांब, टेकडीवर, वाऱ्यात, आणि आवाज असा बसलेला. मावशीच्या पोटात तो जुना गोळा आला आणि तोंडातून शब्द निघून गेले.

"काडे, तू जेवलीस का?"

काडीने फोन ठेवला.