अनवाणी नऊशे मीटर

पळण्याच्या शर्यतीचा मार्ग आखायचा म्हणजे काय, रस्त्यावर चुना टाकला की झालं, असं पौडातल्या निम्म्या लोकांना वाटायचं. त्यात हाफीजभाई पहिले. बाजारपेठेत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. "रस्ता आहे तिथंच आहे, तो मोजायचा कशाला?" असं कुरकुरत का होईना, त्यांनी लेकीच्या सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारं यंत्र बसवून दिलं आणि चाकात हवाही स्वतःच भरली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

लेक म्हणजे नाजनीन. वय बत्तीस, पिरंगुटच्या शाळेत खेळाची शिक्षिका, स्वतः पळणारी आणि एकदा डोक्यात घेतलं की कुणाचं न ऐकणारी. हिंजवडीतल्या नोकरीला कंटाळून शर्यती भरवायला लागलेल्या अनिमेषने मे महिन्यात मुळशीच्या धरणाकाठी अर्धमॅरेथॉन घ्यायचं ठरवलं, आणि मार्ग आखायचं काम तिच्या गळ्यात पडलं. एकवीस किलोमीटर आणि साडेसत्त्याण्णव मीटर. त्यात मीटरभर जरी कमी भरलं, तरी प्रमाणपत्र मिळायचं नाही. आणि प्रमाणपत्र नाही तर पुढच्या वर्षी शर्यत दुसऱ्या कुठल्या तलावावर जाणार, हे अनिमेषने आधीच ऐकवून ठेवलं होतं.

नाजनीनने मार्ग असा काढला की मोजता मोजता तिचीच वाट चुकावी. आधी करवंदांच्या जाळ्यांमधून चढ. मग जुन्या जहागीरदारांचा बागमळा. दोन पुरुष उंच दगडी भिंत, कमानीचा दरवाजा, आत आंब्यांच्या रांगा आणि पाऊलभर पाणी उरलेला मोठा हौद. बागेच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की रस्ता एकदम वळतो आणि समोर अख्खं पाणी उघडं पडतं. त्या वळणावर ती दर वेळी सायकलवरून उतरायची. मोजणाऱ्याने असं मध्येच थांबू नये, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण एवढं मोठं काही समोर आलं की माणसाने बसून राहावं तरी कसं? दर वेळी तिचा श्वास अडकायचा, आणि दर वेळी तिला त्याचं नवल वाटायचं.

सगळं जुळलं, पण अंतर नऊशे मीटर कमी भरलं. हमरस्त्यावर वाढवावं तर तिथे डंपर. डोंगराकडे वळवावं तर दरड. तिसऱ्या दिवशी नाजनीनने हात टेकले आणि वळणावरच्या दगडावर जाऊन बसली. तिथे म्हसू मेंढ्या चारत होता. काठीवर हनुवटी टेकवून त्याने तिचं सगळं रडगाणं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग खाली उतरा की," तो म्हणाला. "पानी हटलंय. सावरवाडीचा रस्ता उघडा पडलाय. फुडच्या अंगानं वर येतुया त्यो."

सावरवाडी! नाजनीन दगडावरून उठलीच. धरण झालं तेव्हा, शंभर वर्षांपूर्वी, पाण्यात गेलेलं गाव. अब्बांच्या आजोबांचं तिथे बांगड्यांचं दुकान होतं, घर होतं, एवढंच अब्बांना ठाऊक. घर नेमकं कुठलं, ते सांगणारं कुणीच उरलं नव्हतं.

सायकल धरून ती खाली उतरली. आधी वाळून भेगाळलेला गाळ, मग दोन उभे दगड, म्हणजे गावाची वेस, आणि वेशीच्या आत सरळ जाणारा फरसबंदीचा रस्ता. दोन्ही बाजूंना घरांची जोती. भिंती नाहीत, छप्परं नाहीत, पण उंबरे जागच्या जागी. एका जोत्यात उखळ रोवलेलं तसंच. पुढे जात्याची खालची तळी. आणि या सगळ्याच्या तिन्ही बाजूंना निळं, गप्प पाणी. नाजनीनने एका उंबऱ्यावर हात फिरवला. दगड मधोमध झिजून खोलगट झाला होता. पाण्याने नव्हता झिजला तो. त्याच्याही आधी, पायांनी झिजला होता. किती पाय गेले असतील त्याच्यावरून? ती कितीतरी वेळ तशीच उकिडवी बसून राहिली.

मग भानावर येऊन तिने मोजायला घेतलं. उतार, वेशीतून आत, रस्ता संपेपर्यंत, पुन्हा वर. नऊशे बारा मीटर! ती एकटीच मोठ्याने हसली.

"हसतीयास काय? पायात काय हाय तुझ्या?"

वेशीपाशी एक म्हातारी उभी होती. म्हसूची आई, तुकाबाई. ऐंशीच्या घरातली, कण्यात वाकलेली, पण आवाज असा की मेंढ्यांनीही माना वर केल्या.

"बूट आहेत आजी," नाजनीन चाचरत म्हणाली.

"दिसत्यात मला. लोकांच्या दारातनं बूट घालून हिंडतीयास. कुनाची तू?"

"पौडच्या हाफीजभाईंची. आमचे लोक मूळचे इथलेच म्हणतात."

"मंग तर तुला कळाया पायजे!" तुकाबाई कडाडली. "माझी सासू हितली. ती सांगायची, अकरा म्हैने पानी ऱ्हातंय हितं, म्हैनाभर मानसाला जागा मिळती. तवा पाव्हन्यावानी यावं. वेशीत पायतान काढावं. आमी समदी काढतो. माझ्या म्हसूला इचार."

नाजनीनने तिथल्या तिथे बूट काढले. चाकाकडे बघत तिने हळूच विचारलं, "आणि सायकल?"

"चाकाला कुटं पायतान असतंय?" म्हातारीचा चेहरा जरा सैल झाला.

आणि तो सैल चेहरा बघून नाजनीन भरात बोलून गेली, "आजी, माझा शब्द. शर्यतीच्या दिवशी एकही बूट या वेशीच्या आत जाणार नाही."

शब्द देणं सोपं होतं. अनिमेषला सांगायचं मात्र ती रोज उद्यावर ढकलत राहिली. तो हा तुकडाच रद्द करेल अशी धास्ती. शेवटी शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी सांगितलं, तर तो खुर्चीतून उठलाच.

"अगं, बूट काढायचे? रनिंग इव्हेंटमध्ये? नाजनीन, लोक चार-चार महिने एकेका सेकंदासाठी घाम गाळतात!"

"मी शब्द दिलाय."

"तू दिलायस, त्यांनी नाही. बोर्ड लाव, उद्या सुरुवातीला माइकवर मी सांगतो. पण घड्याळ थांबणार नाही आणि सक्ती करायची नाही." इतकं बोलून तो थांबला आणि जरा मऊ आवाजात म्हणाला, "जयसिंग येतोय. पहिला कोण येणार ते सगळ्यांना माहितीये. तोच पुढे निघून गेला तर मागचे कशाला थांबतील?"

तेच तर नाजनीनलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती वेशीपाशी उभी होती. शेजारी दगडावर तुकाबाई, अनवाणी, स्वच्छ लुगडं नेसून, पाण्याची कळशी घेऊन. म्हसूने आतला रस्ता खराट्याने झाडून काढला होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. फलकावर नाजनीनने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'हे गाव आहे. पादत्राणे इथे काढावीत.' तुकाबाईला वाचता येत नव्हतं. तिने एकदाच विचारलं, "काढतील न्हवं?" नाजनीनने फलक पुन्हा एकदा घट्ट रोवला.

सूर्य डोंगरावर आला आणि जयसिंग वळणावर दिसला. फौजेतून निवृत्त झालेला, चाळिशीचा, काटक गडी. त्याच्या मागे दोनशे पावलांवर दुसरा. उताराचा फायदा घेत जयसिंग असा सुटला होता की हा काही थांबत नाही, असं नाजनीनला वाटलं. माइकवर सांगितलेलं त्याने ऐकलं होतं की नाही, कुणास ठाऊक. फलकाकडे त्याने पाहिलंच नाही. तुकाबाई उठून उभी राहिली.

वेशीच्या दगडाशी जयसिंगने मान वर केली आणि त्याला समोरचं दिसलं. झाडून ठेवलेला रस्ता. दोन्ही बाजूंना उंबऱ्यांमागून उंबरे, प्रत्येकाच्या खोलगट मध्यावर कोवळं ऊन साचलेलं. बाकी सगळीकडे पाणी. त्याचे पाय आपोआप थांबले. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती, पण बाकीचा माणूस जागच्या जागी खिळला होता.

"हे... घरं आहेत?" त्याने विचारलं.

"व्हय, घरं हायेत," तुकाबाई म्हणाली.

तो खाली वाकला. नाडीची गाठ सुटेना, तर दातओठ खाऊन ओढली. तोवर दुसरा येऊन पोचला, आता पुढे जावं की काय म्हणून जयसिंगकडे आणि तुकाबाईकडे आळीपाळीने बघत राहिला, आणि मग त्यानेही गुडघा टेकला. दोघं बूट हातात घेऊन आत शिरले. पळत नव्हते. चालत होते, शेजारी शेजारी.

पुढच्याचं बघून मागचा, त्याचं बघून त्याच्या मागचा. चारशे माणसं आली. कुणी बूट गळ्यात अडकवले, कुणी डोक्यावर धरले. मघापर्यंत घड्याळाकडे बघत पळणारी ती सगळी मंडळी देवळात गेल्यासारखी मुकाट चालली होती. एक जण उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावत होता, दुसरा उखळापाशी नुसता उभा होता. चारशे लोकांच्या अनवाणी पावलांचा आवाज म्हणजे नुसती सळसळ. ती ऐकताना नाजनीनचे डोळे भरून आले. आयुष्यभर तिने पळणारे पाय पाहिले होते, पण इतके हलके पाय तिने कधी पाहिले नव्हते.

शेवटी शेवटी हेमलताताई आल्या. महाळुंग्याच्या, पंचावन्न वर्षांच्या, पहिलीच शर्यत. हसत हसत बूट काढले, आत गेल्या, आणि दहा-बारा घरं ओलांडल्यावर वर निघालेल्या फरशीला अंगठा लागून धाडकन पडल्या.

नाजनीन धावली. पडलेल्या बाईला उठवून तिने उंबऱ्यावर बसवलं, गुडघा पुसला, अंगठ्याला रुमाल बांधला. "अगं, काही नाही, खरचटलंय नुसतं," म्हणत हेमलताताई उठल्या आणि लंगडत, पण मजेत, पुढे निघाल्या. त्यांच्या मागे आता कुणी नव्हतं.

सुटकेचा श्वास टाकून नाजनीनने खाली पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तिच्या पायात बूट होते. पहाटेपासून वेशीबाहेर उभी होती ती, काढायची वेळच आली नव्हती. चारशे लोकांनी पाळलेला शब्द, देणारीनेच मोडला होता.

तुकाबाई वाकत वाकत रस्त्याने येत होती. नाजनीनला तिच्याकडे बघवेना.

"आजी, चुकलं माझं. मी शब्द दिला आणि मीच..."

"कशाला रडतीयास?" तुकाबाई तिच्याजवळ येऊन टेकली, गुडघ्यावर हात ठेवून दम खाल्ला. "पायतान पाव्हनं काढत्यात, पोरी. घरात कुनी पडलं तर घरचं मानूस हाय तसं आत पळतंय."

नाजनीन त्याच उंबऱ्यावर खाली बसली. कुणाचं घर ते, कुणास ठाऊक. मग तिने नाड्या सोडल्या. बूट घेऊन वेशीपर्यंत ती परत गेली नाही. तिथेच, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, तिने ते भिंत असती तिथे जोडीने लावून ठेवले.