भरतीच्या वेळची कॅश

धाकटी डहाणूच्या बंदरावर पूर्वी खांबाला लाल बावटा चढायचा. बावटा दिसला की बोटी थांबायच्या, खांब रिकामा असला की निघायच्या. पुढे खांब गंजून पडला आणि त्याची जागा किंजलच्या वेबसाइटने घेतली. वारा ठरलेल्या हद्दीच्या वर गेला की पान लाल, नाहीतर हिरवं. बोट हाकणाऱ्या नारू तांडेलाची ही पोर कॉम्प्युटर शिकायला गेली तेव्हा ‘त्यात काय बोंबील सापडणार?’ म्हणून हसणारे आता भरती लागली की सगळे एकदम तिचंच पान उघडून बसत.

सगळे एकदम उघडत, म्हणून तर तो स्वस्तातला सर्व्हर गुदमरायचा. किंजलने त्यावर औषध काढलं होतं. सर्व्हर कोड एकदा वाचून त्याचा अर्थ लावतो आणि ती तयार प्रत कॅशमध्ये, म्हणजे आपल्या स्मरणात, ठेवतो. मूळ फाईल बदलली का, हे तो अधूनमधून तपासून बघतो. ती तपासणीच तिने बंद करून टाकली. पान फटकन उघडायला लागलं. कॅशवर नजर ठेवायला तिने एक तक्ता बनवला होता. शंभरातल्या नव्याण्णव वेळा तयार प्रत कामी आली, असं त्यात दिसायचं आणि बाईसाहेबांची कॉलर ताठ व्हायची.

मध्यंतरी खाडीच्या मुखाशी दोन बोटी उलटता उलटता वाचल्या, म्हणून मच्छीमार सोसायटीने वाऱ्याची हद्द खाली आणली. आज सकाळीच किंजलने नवा आकडा कोडमध्ये घातला, आपल्या लॅपटॉपवर पान लाल होतंय याची खात्री केली आणि फाईल सर्व्हरवर चढवली. एरवी हे काम तिचा मित्र पियुष करायचा आणि मागोमाग कॅश साफ करायचा. आज तो तलासरीला कॉम्प्युटर क्लासवर होता. कॅश साफ करायची असते, हे किंजलच्या डोक्यातून साफ गेलं.

दुपारी वारा उठला. नव्या हद्दीच्या बराच वर, जुन्या हद्दीच्या जरासा खाली. किंजलने सहज फोनवर पान उघडलं. पान हिरवं होतं; सर्व्हर अजून जुनीच प्रत दाखवत होता.

तिने आईला फोन लावला. हंसाबाई जेट्टीवर मासळी वाळत घालत होती.

“आई, बोटी थांबव. वारा वाढलाय.”

“तुझे बाबा नि जिग्नेश तर कधीच सुटले. आज पहिली बोट आपलीच ना.”

म्हणजे बाबा आणि भाऊ, दोघंही खाडीत होते. पण बंदराची एक रीत होती. पहिली बोट मुखापाशी पोचली की थांबायची, मागची दिसली की मगच पुढे जायची. एकट्याने कोणी समुद्रात उतरत नसे.

“बाकीच्यांना अडव, आई. मागून कोणी गेलं नाही तर बाबा परत फिरतील.”

आई ओरडताना ऐकू आली. मग भिका तांडेलाचा आवाज आला. “हंसावहिनी, तुमच्याच पोरीचं पान हिरवं दाखवतंय. आता पोरगी खोटी का पान खोटं?” पाठोपाठ इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

आईचा फोन चालूच ठेवून तिने लॅपटॉपवरून पियुषला गाठलं. “मी सगळी कॅश उडवते.”

“वेडी झालीस का? आत्ता सगळं बंदर त्या पानावर आहे. सगळा कोड पुन्हा वाचायला लागला तर सर्व्हर झोपेल. पान कोरं दिसलं तर काय करतील ते?”

किंजलला उत्तर माहीत होतं. कोरं पान म्हणजे रिकामा खांब. सगळे निघतील.

“एकच फाईल काढ,” पियुष म्हणाला. “कॅशमध्ये जागा किती आहे?”

“नावापुरती.”

“मग नवी प्रत मावली तर मावली. नाही मावली तर सर्व्हर स्वतःच सगळं फेकून पहिल्यापासून सुरू करेल. तेवढा धोका आहेच.”

तिने टर्मिनलच्या काळ्या खिडकीत ती एक फाईल काढायची कमांड लिहिली. ‘झालं’ असं उत्तर आलं. पान हिरवंच राहिलं. तिने पुन्हा कमांड दिली, पुन्हा ‘झालं’, पुन्हा हिरवं. तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

“टर्मिनलवरून देतेयस ना?” पियुषने विचारलं. “त्याची कॅश वेगळी असते, किंजल. वेबसाइटची वेगळी. छोटं पान बनव आणि ब्राउझरमधून चालव.”

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच, असं तिच्या मनात आलं. तिने घाईघाईत छोटं पान लिहायला घेतलं. एक ओळ दोनदा चुकली. छोटं पान सर्व्हरवर चढलं, तिने ते उघडलं आणि तक्त्याकडे बघत राहिली. मोकळी जागा आणखी आक्रसली. नव्याण्णवाचा आकडा ढळला, थोडा घसरला आणि तिथेच थांबला. सर्व्हर जागा होता.

तिने मुख्य पान उघडलं. लाल.

फोनमध्ये जेट्टीवरची इंजिनं एकेक करून गप्प झाली. भिका तांडेल कोणाला तरी शिव्या घालत होता. त्या शिव्या किंजलला फार गोड वाटल्या.

ती धावत जेट्टीवर गेली. सगळे मुखाकडे डोळे लावून उभे होते. आईने तिचा हात धरला. पाणी उसळत होतं आणि पलीकडचं काही दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने लाटांमधून आपल्या बोटीचा निळा रंग दिसला, तेव्हाच हंसाबाईने तिचा हात सोडला.

नारू तांडेल उतरून दोर बांधायला लागला. जिग्नेश नखशिखांत भिजलेला आणि भडकलेला होता.

“किंजल, बाबांना समजाव तू. मागे कोणी दिसेना तर म्हणे परत फिरू. मी म्हटलं, पान हिरवं आहे, ते सगळे भित्रे आहेत, आपण चला पुढे. बोट मी पुढे घातलीसुद्धा होती. तर यांनी सुकाणू हिसकावून घेतलं माझ्या हातातून. चार लोकांत बोलायची सोय ठेवली नाही.”

“लाल झालंय ते,” किंजल कसंबसं म्हणाली.

“कधी? मुखाकडे रेंज कुठे असते? मी जेट्टीवर बघून निघालो होतो. बघ ना, तूच बघ. बाबांपेक्षा तुझ्यावर भरवसा ठेवला मी.”

त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून फोन काढून तिच्यापुढे धरला. त्यावर पान अजून हिरवंच होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरांत तिचं नाव होतं.